फीत कापायची बाकी होती

"रुग्ण हा या संपूर्ण अभियानाचा केंद्रबिंदू आहे," असं सूत्रसंचालक सरांनी माईकवरून सांगितलं आणि टाळ्या झाल्या.

केंद्रबिंदू मी होतो. स्टेजवर अकरा खुर्च्या होत्या आणि मी उभा होतो. बिंदूला लांबी-रुंदी नसते, हे आठवीच्या भूमितीत शिकवतात. त्यामुळे त्याला बसायला जागा लागत नसावी.

दसऱ्याला आठ दिवस होते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात देवीपुढं मंडप घातलेलाच होता, त्याच मंडपात मोफत मुख-कर्करोग तपासणी शिबिर ठेवलं होतं. पुढं शाळेची पोरं, त्यांच्यामागं बायका, कडेनं पुरुष. संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उठले. सरांनी त्यांच्या हातात नकाशा दाखवायची छडी दिली. त्यांनी ती माझ्या डाव्या गालावर टेकवली.

गाल म्हणजे जिथं गाल असतो ती जागा. तिथं आता छातीचं कातडं शिवलेलं आहे. त्याच्याखाली जबड्याचं हाड नाही.

"बघा मुलांनो. नीट बघा. हे यांनी स्वतःच्या हातानं केलंय."

पोरं हसली. मागून एक पोर ओरडलं, "पोस्टरकाका!" हे माझं गावातलं नाव. शिबिराच्या फलकावर माझा फोटो असतो, म्हणून.

"आता लाज वाटते ना?" अध्यक्षांनी मला विचारलं आणि माईक माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं. माझं तोंड एक बोट जाईल एवढंच उघडतं. तेवढ्यात माईक परत गेला.

"पाहिलंत? बोलतासुद्धा येत नाही."

येतं. फक्त ऐकणाऱ्याला जरा थांबावं लागतं.

मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. तीन कपाटं, एक लांब टेबल, दोन वर्तमानपत्रं. आईबाप ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या आवारातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मी अक्षरं शिकलो. हातात कोयता येऊ नये म्हणून पुस्तक धरलं, आणि पुस्तक धरल्यावर रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या हातात मावा आला. सुपारी, तंबाखू आणि चुना, रबरी पट्टीवर घासून केलेला. आमच्या नगर जिल्ह्यात पाहुण्याला पाण्याआधी मावा विचारतात. पंधरा वर्षं मी तो गालात धरून वाचत होतो. हे मी लपवत नाही. माझ्या हातानं झालं, हे खरं आहे.

पण पुढचं माझ्या एकट्याच्या हातानं झालं नाही. गालात फोड आला. पहिले डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे. त्यांनी निळ्या झाकणाची मलमाची ट्यूब आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसरे म्हणाले, दाढ टोचतेय, आणि दाढ काढली. जखम त्या खड्ड्यात उतरली. तिसऱ्यांनी परत निळ्या झाकणाची ट्यूब दिली. पाच महिने गेले. पाच महिन्यांत प्रत्येकानं मला तंबाखू सोडा असं सांगितलं. सोडली. एक तुकडा काढून तपासायला पाठवू, असं मात्र कुणी म्हणालं नाही. नगरला एका दवाखान्यात तुकडा काढला, तेव्हा रोग हाडात गेला होता. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. तुकडा काढायला आमच्या गावाहून लागणारं अंतर तेवढंच राहिलं.

ऑपरेशन झालं, मशीनचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. वर्षभरानं संस्थेची माणसं आली. मला 'कर्करोगयोद्धा' म्हणाली. या योद्ध्याचं काम ठरलेलं होतं. जीपमध्ये बसायचं, गावोगाव स्टेजवर उभं राहायचं, बोलायचं नाही. "तुमचं बोलणं लोकांना कळत नाही, तुम्ही नुसते उभे राहा, त्यातच सगळं येतं," असं सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले. बदल्यात महिन्याच्या तपासणीला नगरला न्यायला तीच जीप यायची. एसटीत दोन तास उभं राहून मान आखडते, म्हणून मी जीप घेतली. आठ गावं झाली. प्रत्येक गावात छडी गालावर आली. मी उभा राहिलो. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, आणि उभा राहिलो.

नववं गाव आमचं. तिथं मात्र मी जीपसाठी उभा राहिलो नव्हतो. मी सिंधूसाठी उभा होतो.

सिंधू माझ्या धाकट्या भावाची, बबनची बायको. आम्ही एकाच घरात राहतो. ती दोघं दरवर्षी ऊसतोडीला जातात. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम माणसं मोजत नाही. दसरा झाला की ट्रक येतो आणि कोयते भरून नेतो.

सिंधू माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, मी थोरला दीर आहे. आमच्याकडं सून थोरल्या दिरापुढं पदर ढळू देत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. सांगायचंच असलं तर भिंतीला सांगते. "जेवान वाढलंय म्हनावं," असं भिंतीला म्हणते आणि मी जेवायला बसतो. आमच्या भिंतीला घरातलं सगळं माहीत आहे. गंमत म्हणजे ऑपरेशननंतर माझं बोलणं सगळ्यात आधी तिलाच कळायला लागलं. कुणाचा फोन आला की मी बोलायचो, पलीकडच्याला काही कळायचं नाही. मग ती चुलीपासून भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "पुस्तकं सोमवारी पाठवा म्हनत्यात." बबन ते फोनवर सांगायचा.

श्रावणात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मला भाकरी चुरून, दुधात भिजवून, गार करून खावी लागते. एक दिवस पाहिलं तर सिंधूही तसंच खात होती. ठेचा तिनं ताटाबाहेर ठेवला होता. आठ दिवसांनी पाहिलं, तसंच. पंधरा दिवसांनी, तसंच. गार भाकरी खाणारी घरात आता दोन माणसं झाली होती. ती सकाळी मशेरी लावते. उसाच्या फडात भूक मारायला तंबाखूची चिमूट खालच्या ओठात धरते. फडात सगळ्याच बायका धरतात.

मी बबनला विचारलं.

"उष्णता झालीया, दादा. गुलकंद देतोय की."

"दाखव कुणाला तरी."

"दाखवू. पन सुई न्हाई लावू द्यायची. सुई लागली की पसरतं."

मी म्हणालो, शिबिराला दातांच्या डॉक्टर येणार आहेत. सगळी सोय असलेली गाडी येणार आहे. तिथं दाखवू. सरांनी मला तसं सांगितलं होतं. सिंधूला घेऊन ये, मी असेन, असं मी बबनला म्हणालो. तिला नीट तपासतील या भरवशावर मी त्या दिवशी छडीखाली गेलो.

गाडी आली होती, हे खरं. नवीकोरी, पांढरी दंतव्हॅन. आत खुर्ची, दिवा, पाणी, सगळं. मंडपाशेजारीच उभी होती. पण तिच्या दाराला लाल फीत बांधलेली होती. लोकार्पण कार्यक्रमाच्या शेवटी होतं. तोपर्यंत आत कुणी जायचं नव्हतं. म्हणून तपासणी बाहेर चालली होती. स्टेजच्या खाली एक प्लास्टिकची खुर्ची, एक तरुण डॉक्टरबाई, हातात बॅटरी. खुर्चीचं तोंड सगळ्या पुरुषांकडं होतं, कारण उजेड त्या बाजूनं येत होता. टेबल नव्हतं. टेबलावर शाली आणि नारळ होते.

अध्यक्षांचं भाषण चालू होतं आणि खाली रांग सरकत होती. मला वरून सगळं दिसत होतं. सिंधूचा नंबर आला. तिनं समोर पाहिलं. चुलत सासरे बसले होते, भावकीतले थोरले बसले होते, आणि वर मी उभा होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आ करा, ताई."

सिंधूनं पदर दातात धरला.

"मला काय न्हाई."

"एकदा बघू तरी द्या ना."

"काय न्हाई म्हनलं ना."

सर स्टेजवरून खाली वाकले. "मॅडम, एका बाईला एवढा वेळ नको. आज आकडा गाठायचाय." वही घेऊन बसलेल्या माणसानं सिंधूच्या नावापुढं 'निरंक' लिहिलं. शेजारच्या खोक्यातून एक ट्यूब काढून तिच्या हातात दिली. शिबिराला आलेल्या प्रत्येकाला ती मिळत होती.

झाकण निळं होतं.

वर अध्यक्ष म्हणत होते, "अज्ञान! आपल्या लोकांचं अज्ञान हाच खरा रोग आहे." आणि छडी पुन्हा माझ्या गालाकडं आली.

मी ती धरली.

त्यांना वाटलं, चुकून धरली. त्यांनी ओढली. मी सोडली नाही. स्टेजवरची अकरा माणसं बघत राहिली. मग मी दुसऱ्या हातानं माईक घेतला आणि बोललो. जे बोललो ते मंडपात कुणालाही कळलं नाही. माझ्या शब्दांना कडा नसतात, त्यात माईक घरघरत होता.

"काय म्हणतायत?" अध्यक्षांनी विचारलं.

"भावनाविवश झालेत," सर म्हणाले.

मी परत तेच बोललो. पोरं हसायला लागली. मी तिसऱ्यांदा बोललो. माझ्या तोंडातून लाळ गळत होती. ती मला आवरत नाही, आणि त्या दिवशी मी ती पुसलीही नाही.

तेव्हा खालून आवाज आला. मोठा, फडातल्या हाकेसारखा.

"भावजी म्हनत्यात, तीन बोटं तोंडात घाला. हुबी. समद्यांनी."

सिंधू प्लास्टिकच्या खुर्चीशेजारी उभी होती. डोक्यावर पदर होता. तोंड भिंतीकडं नव्हतं, कारण मंडपाला भिंत नसते.

मंडपात आधी हसू झालं. मग पोरांनी बोटं घातली. पोरांना तो खेळच. एका पोरानं चार घातली. मग बायकांनी पदराआडून घातली. मग कडेचे पुरुष. तिथलं हसणं हळूहळू बंद झालं. कुणाची दोन गेली, तिसरं अडलं. कुणी मान फिरवून परत करून पाहिलं. मावा खाणाऱ्याचा गाल आतून आखडत जातो, फारसं दुखत नाही, म्हणून त्याला स्वतःला कळत नाही. सरांनी बोटं तोंडापर्यंत नेली आणि घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी हात वर नेला आणि मिशी सारखी केली.

मी बोललो. सिंधू सांगत गेली.

"ज्याची तीन बोटं जात न्हाईत, त्यानं हुबं ऱ्हा म्हनत्यात. ज्याच्या तोंडातली जखम पंधरा दिसांत भरली न्हाई, त्यानं बी. मलम घिऊन घरी जायचं न्हाई म्हनत्यात. तुकडा काढून घ्यायचा."

मग ती थांबली. मी पुढं काही बोललो नव्हतो. पुढचं तिचं होतं.

"माझी दोन म्हैन्यापासनं भरंना. मी मगाशी खोटं बोलले. एवढ्या बाप्यांपुढं आ करायला मी काय बाजारातली गाय हाय? आडोसा पायजे. एवढी मोठी गाडी आनलीया, तिच्यात काय ठिवलंय?"

"ताई, फीत कापायची बाकी आहे," सर म्हणाले. त्यांनी हे खरोखर म्हटलं. मी जसंच्या तसं लिहितोय.

"मग कापा की! का मुहूर्त बघायलाय?" बायकांतून एक म्हातारी ओरडली.

अध्यक्ष म्हणाले, "कार्यक्रमाला एक शिस्त असते." डॉक्टरबाई उठल्या. वय पंचविशीच्या आसपास असेल. त्यांनी ड्रायव्हरपुढं हात केला. "चावी द्या." ड्रायव्हरनं स्टेजकडं पाहिलं. त्यांनी हात तसाच ठेवला. त्यानं चावी दिली.

मी स्टेजवरून उतरलो आणि फितीशी गेलो. कात्री तबकात, तबक स्टेजवर. म्हणून मी गाठ सोडली. साधी सुरगाठ होती.

आत सिंधू खुर्चीत बसली. मी दाराकडं पाठ करून पायरीवर उभा राहिलो. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "हे आज काढूनच पाठवायचं. दहा मिनिटं लागतील." बबन धावत आला.

"दादा, सुई न्हाई! पसरंल ते!"

मी त्याला म्हणालो, आणि ते त्याला नीट कळलं, "मला पाच महिने कुणी सुई लावली नाही. तरी पसरला."

"आठ दिसांनी गाडी हाय. कोयता मोडंल."

कोयता मोडणारच होता.

"टोचल्यानं नाही हो पसरत," आतून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवड्यातून तीन-चार काढते मी." बबन पायरीवर बसला. दहा मिनिटांनी छोट्या बाटलीत सिंधूचा तुकडा बाहेर आला. हरभऱ्याच्या निम्म्याएवढा. माझ्या तिन्ही डॉक्टरांच्या दवाखान्यांत मिळून एवढा तुकडा काढायला जागा नव्हती.

त्या दिवशी त्या गाडीत आणखी चारजणांचे तुकडे काढले. रांग पुरुषांची जास्त होती. बाहेर सत्कार उरकण्यात आले.

ट्रक आला तेव्हा अहवाल आला नव्हता. मुकादम अंगणात उभा राहून म्हणाला, "अर्धा कोयता घिऊन म्या काय करू, बबनराव? आन बाईला काय झालंय? चांगली तर दिसती." बबन गेला नाही. त्या रात्रीपासून तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याला माझा आला, त्याची कारणं होती.

अहवाल कर्करोगाचाच आला. पण रोग हाडाला लागलेला नव्हता. नगरला फेऱ्या झाल्या. एका खिडकीवर रेशनकार्ड, दुसऱ्या खिडकीवर त्याची झेरॉक्स, तिसऱ्या खिडकीवर उद्या या. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग गेला, खालचे तीन दात गेले, गळ्यातल्या गाठी काढल्या. जबडा राहिला. ती बोलते, आणि समोरच्याला पहिल्यांदाच कळतं. पुढं काय होईल, हे कुणी सांगितलेलं नाही. दर महिन्याला तपासणी आहे. दोघांची एकाच दिवशी घेतलीय. जीप त्या दिवसापासून येत नाही. आम्ही एसटीनं जातो.

लोक मला म्हणतात, तुम्ही अध्यक्षांना एवढं दुखवायला नको होतं. चांगलं काम करणारी माणसं आहेत. असतील. मी त्यांच्या हेतूबद्दल बोलत नाही. हेतू मला तपासता येत नाही, तोंड येतं. ज्या माणसांनी मला आठ गावांत उभं केलं, त्यांनी आठ गावांत एकदाही मला विचारलं नाही की तुझा रोग कळायला पाच महिने का लागले. विचारलं असतं तर ते सगळं भाषण बदलावं लागलं असतं. माझ्या गालावर छडी ठेवली की त्यांना दवाखान्याकडं छडी न्यावी लागत नव्हती. एवढं साधं गणित मला नवव्या गावात सुटलं. याची लाज मला वाटते. अध्यक्षांनी विचारली होती ती लाज ही नव्हे.

तेव्हा आता माझं ठरलंय. मी कुठल्याही स्टेजवर, कुणाच्याही छडीखाली उभा राहणार नाही. फलकावरचा फोटो काढा, असं लेखी कळवलंय. दरवर्षी ट्रक भरण्याच्या आधीचे पंधरा दिवस वाचनालय सकाळी बायकांसाठी आणि दुपारी पुरुषांसाठी. खिडकीला पडदा लावलाय. सिंधू बॅटरी धरते. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही फक्त तीन बोटं बघतो, पांढरा-लाल चट्टा बघतो आणि पंधरा दिवसांत न भरलेली जखम बघतो. दिसली की त्याच दिवशी त्या माणसाबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बसायचं. डॉक्टर मलम लिहायला लागले की विचारायचं, तुकडा कधी काढणार, तारीख द्या. तारीख कागदावर मिळेपर्यंत उठायचं नाही. माझं बोलणं कळलं नाही तर परत बोलायचं. मला घाई नाही. ऐकणाऱ्यांनी उभं राहावं.

संस्थेलाही एक मागणी पाठवली आहे. पुढचं शिबिरही दसऱ्याच्या, म्हणजे ट्रक जायच्या, आधीच घ्या, खुर्चीला आडोसा करा, आणि गाडी उघडी ठेवा. तीनच ओळी लिहिल्या. महिन्याभरानं छापील लेटरहेडवर उत्तर आलं. आपल्या सूचनांचं स्वागत आहे. मान्यवरांच्या वेळेनुसार पुढचं शिबिर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घेण्याचं निश्चित झालं आहे. जानेवारीत आमचं निम्मं गाव कारखान्यांवर असतं. त्या काळात गावात गर्दी नसल्यानं मैदान सहज उपलब्ध होईल, असंही पत्रात लिहिलं आहे.